आमचा घड उलटा नाही

मी संगणकाची बाई कशी झाले, हे सांगितलं तर कुणाला खरं वाटत नाही. मी खरं तर विज्ञान शिकवते. शाळेच्या एका कार्यक्रमात प्रोजेक्टर चालेना. पाहुणे खोळंबले, मुख्याध्यापकांचा चेहरा उतरला. मी उठले, मागची सुटलेली वायर परत खोचली आणि पडद्यावर चित्र आलं. टाळ्या पडल्या. दुसऱ्या दिवशी वेळापत्रकात माझ्या नावापुढे ‘संगणक’ असं लागलेलं होतं. आपल्याकडे एखाद्याला काही येतं असा नुसता संशय आला, तरी ते काम त्याच्या गळ्यात कायमचं पडतं.

शाळा रावेर तालुक्यातल्या एका गावातली. गावाच्या चहूबाजूंनी केळी, आणि हंगामात रस्त्यावर केळीचे ट्रक आणि ट्रॅक्टर इतके, की मुलं उशिरा आली तर मी कारण विचारत नाही. माझं माहेर दोंडाईचा. लग्न होऊन इकडे आले तेव्हा माझ्या तोंडून चुकून ‘आहे’ऐवजी ‘शे’ निघालं की वर्गातल्या पोरी तोंडावर हात धरून हसायच्या. त्यांची बोली निराळी, ‘मले-तुले’ची, आणि केळीला त्या ‘केयी’ म्हणणार. मग मीही त्यांच्या ‘केयी’ला हसून उट्टं काढायची. राग मला चटकन येतो, आणि दोंडाईच्याची मिरची म्हणून सासरी त्याचं कौतुकही होतं.

संगणकाची खोली चांगली ऐसपैस, दोन्ही बाजूंना खिडक्या असलेली, आणि हाच तिचा दोष होता, कारण ती सगळ्यांनाच हवी होती. आत भिंतीला लागून सात-आठ संगणक. कधीतरी सरकारी योजनेतून आलेले. त्यांच्यात जी प्रणाली होती, ती कुणीतरी कुणाकडून तरी आणून भरलेली. तिचा परवाना ना शाळेकडे होता, ना भरणाऱ्याकडे. पडद्याच्या कोपऱ्यात ‘ही प्रत अस्सल नाही’ अशा अर्थाची इंग्रजी ओळ कायम असायची. चाचणीत मी ‘संगणकाच्या पडद्याची आकृती काढा’ असा प्रश्न दिला, तर अख्ख्या वर्गाने ती ओळसुद्धा सुबक अक्षर काढून लिहिली होती. मुलांना वाटायचं, ती असतेच. मी हसले, आणि मग मला लाजही वाटली. एकीकडे मूल्यशिक्षणाच्या तासाला चोरी करू नये म्हणून शिकवायचं आणि पुढच्या तासाला चोरीच्या मालावर बोटं चालवायला लावायची.

पुढे तर तेही राहिलं नाही. एकेक संगणक बसत गेला. कुणाचा पडदा काळा, कुणात व्हायरस, कुणी नुसताच घरघरायचा. शेवटी मी फळ्यावर माऊसचं चित्र काढून माऊस शिकवायला लागले.

संस्थेचे अध्यक्ष म्हणजे शेठजी. घराणं मूळचं राजस्थानचं, पण पिढ्यान् पिढ्या इथे धान्याचा व्यापार, त्यामुळे तेही आता आमच्याइतकेच खानदेशी. माणूस दिलदार. शाळेची कमान त्यांनी बांधून दिली, पाण्याची टाकी त्यांनी दिली. त्यांना आता शाळेत इंग्रजी बालवाडी काढायची होती आणि त्यासाठी खोली हवी होती. एक दिवस ते संगणकांच्या मधून सावकाश फिरले, एकावर बोट फिरवून धूळ पाहिली आणि म्हणाले, “मॅडम, यंत्रं बंद, खोली अडवलेली. भंगारात देऊन टाकू. निदान बालवाडीची पोरं तरी इथे खेळतील.”

मी म्हटलं, “शेठजी, ही खोली गेली तर या गावातल्या मुलांना संगणक कॉलेजात गेल्यावरच दिसेल. तोही, कॉलेजात गेली तर.”

ते काही दुष्ट नव्हते. थोडा वेळ विचार करून म्हणाले, “ठीक आहे. दिवाळीनंतर पालक सभा आहे. तोपर्यंत संगणक चालू करून दाखवा, आणि पालक हो म्हणाले तर खोली तुमची. नवीन घ्यायला मात्र संस्थेकडे काही नाही.” म्हणजे हात बांधून पोहायला सांगितलं. पण मी हो म्हटलं, कारण नाही म्हणणं माझ्या स्वभावात नाही.

त्याच पावसाळ्यात जळगावला शिक्षकांचं एक प्रशिक्षण होतं. असल्या प्रशिक्षणांना मी वाटाणे सोलायच्या तयारीने जाते. पण तिथे एका शिक्षकाने, आमच्याइतकाच जुनाट एक संगणक टेबलावर ठेवून, त्यात पेन ड्राइव्ह खोचला आणि चहा पिऊन होईपर्यंत तो चालू करून दाखवला. लिनक्स नावाची प्रणाली म्हणे. मराठीतून लिहिता येतं, हिशेबाचे तक्ते येतात, लहान मुलांना चित्रं काढायचं वेगळं सॉफ्टवेअर. मी विचारलं, “केवढ्याचं?” तो म्हणाला, “फुकट.” मी विचारलं, “चोरीचं?” तो हसून म्हणाला, “नाही. ज्यांनी केलं त्यांनीच दिलंय. वापरा, दुसऱ्याला द्या, उघडून बघा, नाही आवडलं तर बदला.” मी तो पेन ड्राइव्ह मागून घेतला आणि येताना एसटीत पर्समध्ये हात घालून तो आहे ना, हे सारखी चाचपत राहिले.

रविवारी शाळा उघडून एकेक संगणक मी त्याने सांगितल्याप्रमाणे लावत गेले. एकाने दाद दिली नाही, त्याचे सुटे भाग दुसऱ्याच्या कामी आले. संध्याकाळी बाकीचे सगळे पडदे उजळले आणि कोपऱ्यात ती ओळ कुठेच नव्हती. खोलीत मी एकटीच होते, तरी टाळी वाजवली.

शेठजी बघायला आले. मराठी अक्षरं उमटताना बघून खूश झाले. मग त्यांनी भाव विचारला. फुकट म्हटल्यावर त्यांच्या कपाळावर आठी आली.

“मॅडम, मी उभा जन्म दुकानात घालवला. फुकट माल मला दोनदाच मिळाला. एकदा त्यात किडे होते आणि एकदा देणाराच पळून गेला.”

“हा पळणार नाही शेठजी. हजारो लोक आहेत ते. जगभर पसरलेत.”

“हजारो लोक?” ते अजूनच काळजीत पडले. “मग तक्रार कुणाकडे करायची?”

मी म्हटलं, आपण करून बघू.

मुलांनी मात्र काहीही विचारलं नाही. ती त्या संगणकांवर भूक लागल्यासारखी तुटून पडली. तीन मुलं एका खुर्चीवर, एकाचा हात माऊसवर आणि दुसऱ्याचा त्याच्या हातावर. गावात मात्र वेगळंच सुरू झालं. शाळेत संगणक फुकटच्या मालावर चालतात, अशी बातमी पारावर पोचली, आणि एक दिवस भाऊ मला भेटायला आले.

भाऊ म्हणजे गावातले मोठे केळी बागायतदार. पालकांमध्ये त्यांचा शब्द चालायचा, म्हणजे ते बोलले की बाकीचे माना हलवायचे. त्यांची धाकटी आठवीत माझ्याच वर्गात होती. भाऊ खोलीत आले, पण बसले नाहीत.

“मॅडम, हे फुकटचं आमच्याच पोरायले कशाले? पुन्याच्या पोरायले इकत घेतलेलं शिकवता, आन् आमच्या पोरायले फुकटचं?”

मी समजवायला गेले. म्हटलं, भाऊ, अक्षरं तीच, गणितं तीच. तुम्ही एका कंपनीचा ट्रॅक्टर शिकलात तर दुसऱ्या कंपनीचा चालवताच ना?

“ट्रॅक्टर मले नका शिकवू,” भाऊ म्हणाले. मग आवाज खाली आणून म्हणाले, “माहा मोठा पोरगा इथीच शिकला. पुन्याले नोकरीले गेला. तिथी त्याले इचारलं, हे येतं का, ते येतं का? त्याले काहीच नही आलं. खाली मान घालून परत आला. आता धाकटीचं मी तसं नही होऊ देनार. फुकटचं शिकवायचं तर खोली शेठजीले देऊन टाका. सभेत मी उभा राहून सांगीन.”

ते गेले आणि मी बसून राहिले. रागवायचं ठरवलं होतं, पण राग आला नाही. त्यांचा मुलगा याच खोलीत शिकला होता, त्या ‘अस्सल नाही’च्या ओळीखाली, आणि मग फळ्यावरच्या माऊसवर. तो माणूस चुकीचं बोलत होता, पण खोटं बोलत नव्हता.

त्या आठवड्यात दोंडाईच्याहून आईचा फोन आला. मी वैतागून तिला सगळं सांगितलं. आईला संगणक म्हणजे टीव्हीचा भाऊ एवढंच माहीत. तिने नीट ऐकलं आणि विचारलं, “बठ्ठं फुकट शे?”

“हो, सगळं.”

“मंग तू त्यास्ले काय दिधं?”

“कुणाला?”

“ज्यास्नी तुले दिधं त्यास्ले. शेजारनी डबामा भाजी धाडस, तं तू रिकामा डबा परत करस का माय?”

मी म्हटलं, आई, ते कुठे राहतात तेसुद्धा मला माहीत नाही. ती म्हणाली, ते तू बघ, आणि तिकडच्या पावसाची चौकशी करायला लागली. पण माझ्या डोक्यातून ते जाईना. आमच्याकडे कुणाच्या घरून वाटी आली तर परत जाताना त्यात निदान चिमूटभर साखर तरी घालतात. मी मात्र जगभरच्या लोकांचा डबा चाटूनपुसून खाल्ला होता आणि परत द्यायचं मनातही आलं नव्हतं.

काय द्यायचं, हे वर्गानेच ठरवलं. त्या चित्रांच्या सॉफ्टवेअरमध्ये शिक्के असतात. सफरचंदाचा शिक्का निवडला की पानावर जिथे बोट दाबाल तिथे सफरचंद उमटतं. फळांच्या रांगेत स्ट्रॉबेरी होती, चेरी होती, नासपती होतं. केळंही होतं, पण एकच, पिवळंधम्मक, एकटं पडलेलं. मुलांनी आधीपासूनच त्याची टिंगल चालवली होती.

“मॅडम, एक केयं कोनी काढतं का?” भाऊंची धाकटी म्हणाली. “घड पाहिजे.”

ही मुलगी बडबडी, दोन वेण्यांना नेहमी वेगवेगळ्या रंगांच्या रिबिनी, आणि हात इतका चांगला की नकाशात तापी काढली तर ती वाहायला लागेल असं वाटायचं. मी म्हटलं, मग तूच काढ. आपण पाठवू त्यांना.

तिने पहिल्यांदा जो घड काढला, तो पिशवीत होता. हल्ली बागेत घडाला पांढरी पिशवी घालतात, डाग पडू नयेत म्हणून. ती रोज तेच बघत होती, म्हणून तिने तेच काढलं. एक मोठी पांढरी पिशवी, वर दोरी बांधलेली. मी म्हटलं, अगं, बाहेरच्या लोकांना हा धुण्याचा गठ्ठा वाटेल. मग तिने पिशवी काढली. आतला घड मात्र सुरेख होता. वरून जाड दांडा, त्याला गोल लागलेल्या फण्या, प्रत्येक केळं टोक आभाळाकडे करून वळलेलं, आणि तळाला लोंबणारं जांभळं केळफूल. सगळा वर्ग मागे उभा राहून सूचना करत होता. एका मुलाने दांड्याला चिकाचा डागसुद्धा काढायला लावला.

ते सॉफ्टवेअर करणाऱ्यांना इंटरनेटवरून चित्रं पाठवायची सोय होती. आम्ही सगळ्यांनी मिळून इंग्रजीत पत्र लिहिलं, तुमचं सॉफ्टवेअर आम्ही वापरतो, त्याबद्दल आमच्याकडून हा घड. शेठजींना सांगितलं तेव्हा ते पहिल्यांदा खुलले. “हे बरं केलंत. देणंघेणं झालं. पत्ता असेल तर मी केळीचे वेफरही पाठवतो.” मी म्हटलं, शेठजी, वेफर राहू द्या.

काही दिवसांनी उत्तर आलं. कुठल्याशा थंड देशातल्या एका गृहस्थाचं. तो आपली नोकरी सांभाळून ही चित्रं तपासायचं काम करायचा. त्याने फार गोड लिहिलं होतं. चित्र फार छान आहे, आम्ही ते घेत आहोत. फक्त ते चुकून उलटं पाठवलं गेलं होतं, तेवढं मी सरळ केलं आहे. सोबत त्याने सरळ केलेलं चित्र होतं. घड डोक्यावर उभा. केळफूल वर तुऱ्यासारखं, केळ्यांची टोकं जमिनीकडे आणि तोडलेला दांडा खाली लोंबतोय.

खोलीत जो गोंधळ झाला तो ऐकून मुख्याध्यापक धावत आले. त्यांना वाटलं, कुणाला शॉक बसला.

“मॅडम, त्यानं आपला घड उलटा टांगला!”

“त्याले केयी माहीत नही का?”

“नसेल,” मी म्हटलं. “त्यांच्याकडे दुकानात येतात. दुकानात कुठे झाड असतं?”

मुलांनी लगेच उत्तराचा मसुदा केला, ‘साहेब, घड उलटा नाही, तुम्ही उलटे आहात.’ मी तो खोडला. म्हटलं, ज्याने आपल्याला इतकं दिलं त्याच्याशी असं बोलायचं नाही. त्याला पुरावा द्या. बागेतल्या घडाचा फोटो आणा.

दुसऱ्या दिवशी शाळा भरायच्या आधी भाऊच दारात उभे. अंगात इस्त्रीचा सदरा, डोक्याला टोपी. मला वाटलं, सभेची नोटीस घेऊनच आले.

“उलटा?” ते म्हणाले. “माह्या बागेतला घड उलटा? कोन म्हने?”

लेकीने फोटोसाठी फोन मागितला होता, आणि कशाला म्हणून विचारल्यावर सगळं सांगितलं होतं. मी त्यांना पडद्यावर ते डोक्यावर उभं केलेलं चित्र दाखवलं. भाऊंनी ते वाकून, मान तिरकी करून पाहिलं.

“आसा घड लागला तं झाडच आडवं होईन,” ते म्हणाले. “चाला बागेत.”

मधल्या सुट्टीत आम्ही गेलो. भाऊंनी सगळ्यात भरदार झाड निवडलं, पिशवी सोडली, घड हाताने पुसला आणि स्वतः त्याच्या शेजारी उभे राहिले. मी म्हटलं, भाऊ, नुसता घड चालेल. ते म्हणाले, “नही. मी बाजूले पाहिजे. मी सरय उभा हाये का नही, मंग घडबी सरय हाये हे त्याले समजीन.” यापेक्षा पक्का पुरावा मला सुचला नसता. लेकीने फोटो काढला. त्यात भाऊ ताठ उभे, आणि एक बोट खाली केळफुलाकडे, वर कुठे आणि खाली कुठे हे समजावून दिल्यासारखं.

फोटो गेला आणि वाट बघणं सुरू झालं. भाऊ रोज बागेतून येताना फटफटी शाळेच्या फाटकापाशी थांबवायचे. उतरायचे नाहीत. नुसतं, “आलं का?” मी नकारार्थी मान हलवायची. एकदा मला राहवलं नाही. मी विचारलं, “भाऊ, मग आता खोलीचं काय? अजून विरोधच?”

“ते निराळं, मॅडम. घडाची गोष्ट इज्जतीची हाये. खोलीचं म्या जे सांगितलं ते सांगितलं.” आणि फटफटीला किक मारून गेले.

तेव्हा मात्र मी खचले. मला उगाच वाटत होतं की फोटोबरोबर मनही पालटलं असेल. सभा जवळ आली होती. शेठजींनी बालवाडीसाठी रंगीत खुर्च्या बघून ठेवल्या होत्या आणि त्या किती छान आहेत हे मला प्रेमाने सांगतही होते. मी रोज शाळा सुटल्यावर त्या खोलीत जरा वेळ बसायची. एखादी खोली आपल्याला इतकी लागू शकते, हे मला माहीत नव्हतं.

सभेच्या आदल्या दिवशी उत्तर आलं. त्या गृहस्थाने लिहिलं होतं, मी पोट धरून हसलो आणि मग ओशाळलो. आयुष्यभर केळी खाल्ली, ती वाढतात कशी हे कधी पाहिलंच नाही. माझ्या मुलांनाही तुमचा फोटो दाखवला. चित्र पुन्हा तुमच्यासारखं केलं आहे, आजच निघालेल्या नव्या आवृत्तीत सगळ्या जगाला ते असंच दिसेल. आणि शेवटी एक ओळ, फोटोतल्या त्या सरळ उभ्या गृहस्थांना माझा नमस्कार सांगा.

मी नवी आवृत्ती उतरवून घेतली आणि कुणाला काही बोलले नाही. भाऊ त्या दिवशी फाटकाशी आलेच नाहीत.

सभा संगणकाच्या खोलीतच भरली, आणि बरीच गर्दी होती. शेठजींनी विषय मांडला, आधी बालवाडी, मग संगणक. एक पालक उठून म्हणाले, फुकटच्या मालाची किंमत नसते. माना हलल्या. दुसरे म्हणाले, आपली पोरं काय कमी आहेत का? पुन्हा माना हलल्या. मग सगळ्यांच्या नजरा वळल्या आणि भाऊ उठले. मी त्यांना बोलूच दिलं नाही. म्हटलं, “भाऊ, बोलण्याआधी एकदा इकडे या. उत्तर आलंय.”

ते पुढे आले. प्रोजेक्टर लावलेलाच होता. मी त्यांच्या लेकीला बोलावलं. तिने फळांची रांग उघडली. सफरचंद, स्ट्रॉबेरी, चेरी, आणि त्यांच्या शेजारी घड. दांडा वर, टोकं आभाळाकडे, केळफूल खाली. तिने बोट दाबलं आणि पडद्यावर घड उमटला. पुन्हा दाबलं, दुसरा उमटला. बघता बघता पांढऱ्या पडद्यावर अख्खी बाग उभी राहिली. मी त्या गृहस्थाचा नमस्कार मराठीत वाचून दाखवला.

भाऊंनी पडद्यावरच्या एका घडावर बोट टेकवलं. मग म्हणाले, “हे साऱ्या जगात दिसीन?”

“जिथे जिथे मुलं हे वापरतात तिथे.”

“इकत घेतलेल्यात हे आसं बदलता आलं आस्तं?”

“सांगता आलं असतं, भाऊ. ऐकलं असतं का, ते मला माहीत नाही. इथे आपण सांगितलं आणि त्यांना करावं लागलं, कारण हे जितकं त्यांचं तितकंच आपलं आहे. तुमच्या मोठ्याला तिथे जे विचारलं, ते इथे शिकवता येईल. मी शिकवीन. सुट्टीत त्यालाही पाठवा. पण त्याला खोली लागेल.”

“आन् ह्या घडाचे पैसे?”

“कुणाला पडत नाहीत. फुकट.”

भाऊ सभेकडे वळले. आता ते काय म्हणतात ते ऐकायला मागचे लोकही उभे राहिले.

“हा घड मी देल्हा,” भाऊ म्हणाले.

“पप्पा, घड मी काढला!” लेक मागून ओरडली.

“आन् लावला कोनी?” भाऊंनी विचारलं, आणि सगळी खोली हसली. शेठजी तर रुमालाने डोळे पुसायला लागले. हसणं ओसरेपर्यंत भाऊ थांबले. मग त्यांनी टोपी काढून हातात घेतली आणि त्यांचा आवाज वेगळाच लागला.

“जनम गेला आमचा केयीत. आजलोक माह्या मालाचा भाव कधी मी नही ठरवला. ट्रकवाला ठरवे, बाजार ठरवे, दिल्लीवाला ठरवे. हा पहिला घड हाये ज्याचा भाव मी ठरवला. साऱ्या दुनियेच्या पोरायले फुकट.”

शेठजींनी, खोली संगणकालाच ठेवावी असं ज्यांना वाटतं त्यांनी हात वर करा म्हटलं, आणि पहिला हात त्यांचा स्वतःचाच होता. मला रडू आवरेना, म्हणून मी पडदा नीट करायच्या निमित्ताने सगळ्यांकडे पाठ फिरवली. तर तिथे ते इतके सगळे घड, आणि माझ्याकडे रुमाल नव्हता.